तलावासाठी जनजागृती करायची आहे? मग आधी हा क्रम नीट लावा

दरवर्षी २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो. १९७१ साली त्या दिवशी इराणमधल्या रामसर शहरात पाणथळ जागांचा करार झाला. त्या दिवशी आपल्याकडे शाळेची रॅली निघते, बॅनर लागतो, पाहुण्यांचं भाषण होतं, ग्रुप फोटो होतो आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्याच्या पिशव्या पुन्हा त्याच पाण्यात पडतात. लोकांचा हेतू चांगलाच असतो, पण बहुतेक ठिकाणी बॅनर आधी छापला जातो आणि तलाव नंतर बघितला जातो, कधीकधी तर बघितलाच जात नाही. म्हणून हा लेख. एखादं मंडळ, कॉलेजचं एनएसएस युनिट, शाळा, ग्रामपंचायत किंवा चारपाच पक्षीप्रेमी मित्र आपल्या गावच्या तलावासाठी काही करू पाहत असतील तर कशानंतर काय करायचं ते इथे आहे. जानेवारी-फेब्रुवारीत कार्यक्रम घ्यायचा असेल तर कामाला ऑक्टोबरमध्ये लागा. पंधरा दिवसात होणारं हे काम नाही.

टप्पा १ : आधी तलाव बघा, लोकांना काही सांगायच्या आत

पहिला महिना फक्त बघण्यात घालवायचा, पोस्टर नाही, पोस्ट नाही. सकाळी उजाडल्यापासून दोन तास आणि संध्याकाळी चारनंतर असं दोन्ही वेळा जायचं. रविवारीही जायचं आणि आठवडी बाजाराच्या दिवशीही, कारण रविवारी दिसणारा तलाव आणि बाजाराच्या दिवशीचा तलाव यात फार फरक असतो, बाजाराच्या दिवशी भाजीचे टेम्पो तिथेच धुतले जातात हे रविवारी जाणाऱ्याला कधी कळतच नाही.

एका मोठ्या कागदावर हाताने नकाशा काढा, गुगल मॅपची प्रिंट घेऊन त्यावर खुणा केल्या तरी चालेल. त्यात एवढं यायलाच हवं:

- पाणी कुठून येतं, म्हणजे ओढा, नाला, गटाराचा पाइप
- गुरं कुठे उतरतात, धुणं कुठे होतं, विसर्जन आणि दशक्रियेचा घाट कुठे आहे
- जाळी कुठे लागतात, होड्या कुठे असतात
- उथळ पाणी आणि चिखलाचा पट्टा कुठे आहे, पाणकणीस (पाण्यातलं उंच गवत) कुठे आहे, जलपर्णी आणि बेशरम नावाचं झुडूप किती पसरलेत
- पाण्यात बेट किंवा उघडा खडक आहे का

यातला उथळ पट्टा सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच लोकांच्या नजरेतून सुटतो. काठावर अर्धा तास शांत बसून बघा. घोट्याएवढ्या पाण्यात शेकाट्या लांब गुलाबी पाय टाकत चालतो आणि टोचून टोचून किडे उचलतो. त्याच्या थोडं पुढे चमचा आपली चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावीकडे-उजवीकडे फिरवत जातो, चोचीला काही लागलं की मिटतो. आणखी पुढे, फूटभर पाण्यात, तलवार बदक शेपूट वर करून उलटं होतं आणि तळाचं खातं. पाणकावळे, टिबुकल्या मात्र खोल पाण्यात बुड्या मारतात. म्हणजे पक्ष्यांची गर्दी असते ती काठालगतच्या फूट-दीड फूट पाण्यात, मधल्या निळ्याशार पाण्यात नाही. आपल्याला जी जागा घाण, चिखलाची, "काहीतरी केलं पाहिजे" अशी वाटते तीच या सगळ्यांची जेवणाची जागा आहे, हे डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या निम्म्या चुका होत नाहीत.

पक्ष्यांची यादी ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, टाकत चला, प्रत्येक वेळी वेळ आणि आकडा लिहून. नाव ओळखता आलं नाही तर फोटो काढून जाणकाराला दाखवा, अंदाजाने लिहू नका. चुकीच्या नोंदीपेक्षा रिकामी जागा बरी.

चेक : तुमच्या तलावावरचे निदान १५ नेहमीचे पक्षी, पाणी येण्याच्या सगळ्या वाटा आणि तलाव वापरणारे चारपाच गट तुम्हाला कागद न बघता सांगता येतात का? येत नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २ : जागा कुणाची आहे ते कागदावर बघा

हा कंटाळवाणा भाग आहे पण तो सोडला की पुढे तोंडघशी पडायला होतं. तलाठ्याकडून सातबारा आणि गाव नकाशा काढा. तलाव जलसंपदा खात्याचा असेल, मृद व जलसंधारणचा असेल, जिल्हा परिषदेचा, वनखात्याचा किंवा नगरपालिकेचा असेल, आणि बऱ्याचदा पाणी एकाचं, काठ दुसऱ्याचा आणि मासेमारीचा ठेका तिसऱ्याकडे असतो. कुणीच सांगेना तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता कायद्याचं. भाषणात सर्रास सांगितलं जातं की "पाणथळ कायद्याने हा तलाव संरक्षित आहे". थांबा, तसं सरसकट नसतं. २०१७ च्या पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियमांमध्ये भराव, अतिक्रमण, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं, पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम हे सगळं बंद आहे, पण ते रामसर कराराच्या यादीतल्या आणि सरकारने अधिसूचित केलेल्या जागांना लागू होतं. आणि नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, करमणुकीसाठी खास बांधलेले तलाव हे व्याख्येतूनच वगळलेत. महाराष्ट्रातले कितीतरी पाझर तलाव आणि धरणांची जलाशयं या वगळलेल्या गटात जातात. शिवाय इस्रोच्या २०११ च्या अ‍ॅटलासमध्ये सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागा नोंदलेल्या होत्या आणि त्यांना जपायचे आदेश सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये दिलेत, तेव्हा आपला तलाव त्या यादीत आहे का हेही जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

तलाव कुठल्याच यादीत नसला तरी हात बांधले जात नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि पक्षी मारणं, पकडणं, संरक्षित पक्ष्यांची अंडी-घरटी काढणं हे तुमच्या गावच्या साध्या तळ्यावरही गुन्हाच आहे. गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या कायद्याप्रमाणे, निदान कागदावर तरी असतेच, तिच्या सदस्यांची नावं ग्रामपंचायतीत विचारा आणि त्यांना पहिल्यापासून सोबत घ्या. ही समिती ठेवते त्या लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडं-प्राणी-पक्ष्यांच्या नोंदीत, तलावाचं पान आहे का तेही बघा. नसेल तर टप्पा १ मधली तुमची यादी तिथे कामाला येते.

सावधान : अभयारण्य असेल, उदाहरणार्थ नांदूर मध्यमेश्वर, तर वनखात्याच्या परवानगीशिवाय कार्यक्रम जाहीरही करू नका. धरणाच्या भिंतीजवळ जलसंपदाची परवानगी लागते.

टप्पा ३ : जे रोज पाण्यात उतरतात त्यांच्याकडे आधी जा

सगळ्यात जास्त चुकणारा टप्पा हाच. शहरातून किंवा गावातल्याच शिकलेल्या घरांतून आलेली पोरं बायनॉक्युलर गळ्यात घालून येतात आणि ज्याचं पोट तलावावर आहे त्याला निसर्गाचं महत्त्व सांगतात. तो ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि परत कधी तुमच्याशी बोलत नाही.

उलट करा. मच्छीमार सोसायटीच्या लोकांकडे, गुराख्यांकडे, काठच्या शेतकऱ्यांकडे, धुणं धुणाऱ्या बायकांकडे विचारायला जा, सांगायला नाही. आधी कुठले मासे मिळायचे, आता कुठले मिळत नाहीत, पाणी कधीपासून हिरवं झालं, जलपर्णी कुठल्या बाजूने शिरली, बदकं कधी येतात, पाणमांजर शेवटचं कुणी बघितलं, जाळं पक्षी फाडतात का मगर फाडते. या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळणार नाहीत.

भंडारा-गोंदिया भागात ढीवर समाजाच्या लोकांनी मामा तलावांवर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांवर, जे काम केलं ते बघण्यासारखं आहे. बेशरम उपटून काढली, पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासे परत आले की पक्षी मागोमाग आले. कुठली वनस्पती कुठल्या माशाला अंडी घालायला लागते हे त्यांना पिढ्यानपिढ्या माहीत होतं म्हणूनच ते जमलं. तिकडे उजनीच्या पाणफुगवट्यावर भिगवणजवळच्या कुंभारगावात मासेमारच होडीतून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवायला नेतात, त्यांच्या घरी पाहुणे जेवतात, म्हणून पक्ष्यांना कुणी त्रास दिला तर आधी तेच ओरडतात. पक्षी टिकले तर माझंही चालतं, हे ज्याला कळलं त्याला वेगळी जनजागृती लागत नाही.

शेतकऱ्यांशी बोलताना नुकसानीचा विषय टाळू नका. गोंदियात सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं करतो, गवत-पेंढा गोळा करून मोठा ढीग घालतो, तेवढ्या जागेतलं धान जातं. त्याला "पक्षी किती सुंदर" एवढंच सांगून भागत नाही, तेवढं धान गेलं तर काय, रोवणीच्या वेळी मजुरांनी घरट्याजवळून कसं जायचं, फवारणी कधी करायची, हे त्याच्यासोबत बसून ठरवावं लागतं.

नेहमीची चूक : पहिल्याच बैठकीत "तुमच्या जाळ्यांमुळे पक्षी मरतात" असं बोलणं. जाळ्यांचा प्रश्न खराच आहे, पण तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत काढायचा, आणि "फाटकी जाळी कुठे टाकता, आपण ती गोळा करायची सोय करू का" असा काढायचा.

टप्पा ४ : मागणी एकच ठरवा, आणि ती हातांनी करता येण्यासारखी हवी

"तलाव वाचवा" ही मागणी नाही, ती घोषणा आहे. ऐकणाऱ्याला उद्या सकाळी नेमकं काय वेगळं करायचं ते त्यातून कळत नाही. पहिल्या वर्षी एक आणि एकच सवय निवडा. ती तुमच्या नकाशातून आणि भेटींतून निघायला हवी, इंटरनेटवरच्या पोस्टरमधून नाही. नमुन्यादाखल काही:

- निर्माल्य आणि प्लास्टिक पाण्यात न टाकता घाटावरच्या कुंडात टाकायचं. इथे गणेश मंडळं आणि दशक्रिया करणारे गुरुजी हे तुमचे खरे श्रोते, शाळेतली पोरं नव्हेत.
- फाटकी नायलॉन जाळी काठावर किंवा पाण्यात न सोडता सोसायटीच्या शेडमध्ये जमा करायची. सोडलेल्या जाळ्यात टिबुकल्या, पाणकावळे, कासवं अडकून बुडून मरतात.
- ट्रॅक्टर, टेम्पो तलावात उतरवून धुवायचे नाहीत, त्यासाठी वेगळी जागा.
- खाडीवर, समुद्रावर असाल तर कुरवांना (सीगल) शेव-गाठ्या-फरसाण टाकायचं नाही. हे खाणं त्यांचं नाही आणि त्याने ते होड्यांभोवतीच घुटमळायला लागतात.

एकदा ठरलं की बॅनर, भाषण, पोस्ट, शाळेतलं बोलणं सगळीकडे तेच. पाच गोष्टी सांगितल्या की एकही लक्षात राहत नाही.

आता सगळ्यात मोठा इशारा, यावर मी मुद्दाम जास्त लिहितोय. जनजागृतीची मोहीम जोरात झाली की पुढारी विचारतात "मग काय करू या तलावाचं?" आणि कुणीतरी म्हणतं, सुशोभीकरण करा. तिथेच तलावाचा घात होतो. चारही बाजूंनी दगडी पिचिंग किंवा सिमेंटची भिंत, त्यावर जॉगिंग ट्रॅक, दिवे, कारंजं, पॅडल बोट. दिसायला छान दिसतं, उद्घाटनाला गर्दी होते. पण भिंत आली की काठाचा उतार गेला, उतार गेला की टप्पा १ मध्ये बघितलेला तो फूटभर पाण्याचा पट्टा गेला, शेकाट्या, तुतवार, चमचे, बदकं यांना उभं राहायला जागाच उरली नाही. बेडकांना, कासवांना पाण्यातून वर यायला वाट राहिली नाही. रात्रभर दिवे, दिवसभर बोटी, मग उरतात फक्त बगळे आणि कावळे. म्हणून मोहीम सुरू करायच्या आधीच तुमच्या ग्रुपने लिहून ठेवायचं की आपल्याला काय नको आहे: काठाला भिंत नको, पाण्यावर झगमगाट नको, उथळ बाजूला बोटिंग नको. लोकांना फिरायला ट्रॅक हवाच असेल, आणि ती मागणी काही चुकीची नाही, तर एका बाजूला, पाण्यापासून लांब, मातीचा करा आणि उरलेल्या बाजू मोकळ्या सोडा.

गाळ काढायचंही असंच. गाळ काढणं वाईट नाही, शेताला तो सोन्यासारखा आहे, पण संपूर्ण तलाव एकसारखा खोल केला की उथळ पट्टा संपतो. मधला गाळ काढा, निदान एका बाजूचा काठ आणि बेटं हात न लावता ठेवा, असं ठेकेदाराला आणि ग्रामपंचायतीला लेखी द्या. तोंडी सांगितलेलं जेसीबी चालवणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

चेक : तुमची मागणी एका वाक्यात, दहावीच्या पोराला आणि सत्तरीच्या आजीला सारखीच कळते का? ती झाली की नाही हे मोजता येतं का? (कुंडात किती निर्माल्य जमलं, किती जाळी जमा झाली, असं.)

टप्पा ५ : साहित्य, म्हणजे पोस्टर, बोर्ड आणि व्हॉट्सअ‍ॅप

थोडक्यात सांगतो. पोस्टरवर तुमच्याच तलावावरचे पक्षी हवेत, तुमच्याच गावातल्या कुणी काढलेले फोटो असले तर फारच छान. इंटरनेटवरून उचललेला मँडरिन बदकाचा फोटो आपल्या पाझर तलावाच्या बॅनरवर बघितला की वाईट वाटतं, आणि तो फोटो दुसऱ्या कुणाच्या मालकीचा असतो ते वेगळंच. नावं मराठीत लिहा: वारकरी, टिबुकली, हळदी-कुंकू बदक, थापट्या, चक्रवाक, मुग्धबलाक, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी. तुमच्या भागातलं बोलीतलं नाव असेल तर ते आधी मोठ्या अक्षरात, पुस्तकातलं त्याखाली. म्हाताऱ्या माणसांना ते नाव वाचून जो आनंद होतो त्याने ती स्वतःहून बोलायला लागतात.

फ्लेक्स कमी करा, एक पक्का पत्र्याचा किंवा लाकडी बोर्ड करा जो दोनतीन वर्षं टिकेल. तो काठावर नाही, लोक जिथे थांबतात तिथे, म्हणजे एसटी स्टँड, पार, दुधाची डेअरी, घाटाच्या पायऱ्या.

सावधान : घरट्याचा फोटो, घरट्याची जागा, लोकेशन हे ग्रुपवर कधीच टाकायचं नाही. चांगल्या मनाने टाकलेल्या फोटोमागे दुसऱ्या दिवशी वीस कॅमेरे येतात, आई उडून बसते, आणि उन्हात अंडी करपतात नाहीतर कावळा नेतो.

टप्पा ६ : तारीख ठरवणे

पक्ष्यांचं कॅलेंडर आणि गावाचं कॅलेंडर दोन्ही समोर ठेवा.

५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना धरून तो २०२० पासून साजरा होतो. शाळांमध्ये शिरायला ही वेळ चांगली, पाहुणे पक्षी नुकते यायला लागलेले असतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, आपल्या देशात बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि वेटलँड्स इंटरनॅशनल या संस्था बघतात, तुमचा तलाव त्यात घ्या. २६ जानेवारीला ग्रामसभा असते, तिथे तुमच्या एका मागणीचा ठराव मांडायचा, विषयपत्रिकेत आधी घालून घ्यायचा, आयत्या वेळी उठून बोललेलं इतिवृत्तात नीट येत नाही. आणि मग २ फेब्रुवारीचा किंवा त्याच्या आसपासच्या रविवारचा कार्यक्रम, ज्यात तो ठराव वाचून दाखवता येतो. हा क्रम उलटा झाला, म्हणजे कार्यक्रम आधी आणि ठराव "नंतर बघू", तर ठराव होत नाही.

लग्नाची दाट तिथी, ऊसतोडीचा जोर, परीक्षा, गावची जत्रा टाळा.

टप्पा ७ : पक्षी दाखवायचा दिवस

लोकांच्या मनात तलाव शिरतो तो भाषणाने नाही, दुर्बिणीतून बघितलेल्या एका पक्ष्याने. त्यामुळे या दिवसाचा केंद्रबिंदू हा ठेवा आणि स्टेज, सत्कार, हार यांना शेवटची वीस मिनिटं द्या.

१. आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन जागा नक्की करा. सूर्य पाठीमागे हवा. सकाळी पूर्वेकडच्या काठावर उभं राहिलं की पक्ष्यांवर ऊन पडतं आणि रंग दिसतात, पश्चिमेला उभं राहिलात तर सगळे काळे ठिपके.

२. गट लहान करा. एका जाणकारामागे १२-१५ माणसं, त्याहून जास्त नको. शंभर लोक आले तर वेळा वाटून द्या, सगळ्यांना एकदम काठावर नेऊ नका.

३. निघायच्या आधी पाच मिनिटं नियम सांगा: पांढरे-भडक कपडे नकोत हे आधीच मेसेजमध्ये कळवा, आवाज हळू, मोबाइल सायलेंट, पाण्याकडे पळायचं नाही, पक्षी उडवायला दगड तर अजिबात नाही. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही आणि ड्रोन आणायचा नाही.

४. आधी सोपा, मोठा, जवळचा पक्षी दाखवा. जांभळी पाणकोंबडी, राखी बगळा, वारकऱ्यांचा थवा. लहान तुतवारांमधला फरक पहिल्या दिवशी सांगायला गेलात तर अर्धे लोक चहाकडे जातात. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण, मिळाला तर उत्तमच, तो पोरांच्या उंचीला लावा, मोठे वाकतील.

५. दूर उडालेल्या पक्ष्याच्या मागे जाऊ नका. बदकांनी खाणं थांबवून माना ताठ केल्या, सगळी एका दिशेने पोहत लांब जायला लागली, टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात, दहा-वीस पावलं मागे या. हे लोकांना तिथल्या तिथे दाखवा, "बघा, हा आता घाबरलाय". पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून इथे येतो आणि परतीच्या प्रवासासाठी इथेच खाऊन अंगावर चरबी चढवतो, आपण त्याला वारंवार उडवलं की ती उगाच जळते. हे एकदा कळलं की लोक आपोआप हळू बोलायला लागतात.

६. मासेमाराला बोलायला लावा. माइक नाही, तिथेच काठावर उभं राहून. तज्ज्ञाच्या अर्ध्या तासापेक्षा त्याची दहा मिनिटं लोक लक्ष देऊन ऐकतात. त्याचा दिवस मोडतोय, त्याचं मानधन द्या, होडी वापरली तर भाडं द्या.

७. शेवटी ती एकच मागणी, आणि तिथल्या तिथे तिची सुरुवात. कुंड असेल तर कुंड दाखवा, जाळी गोळा करायची शेड असेल तर पहिलं जाळं तिथे ठेवा.

सुरक्षितता : चिखल किती खोल आहे ते आधी काठीने तपासा, लहान मुलांमागे मोठी माणसं ठेवा, झाडावर आग्या मोहोळ आहे का बघा, प्रथमोपचार पेटी आणि पिण्याचं पाणी स्टीलच्या ड्रममध्ये. पाणथळ दिनाला प्लास्टिकच्या बाटल्या वाटायच्या नाहीत.

टप्पा ८ : सफाई करणार असाल तर आधी हे वाचा

सफाई मोहीम सगळ्यांना आवडते कारण लगेच ढीग दिसतो. पण चुकीच्या महिन्यात केलेली सफाई म्हणजे घरटी तुडवणं.

टिटवी आणि शेकाट्या उन्हाळ्यापासून पुढे काठाच्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणजे चार खडे आणि एक खळगा, अंडी मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची, तुमच्या बुटाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. नदीसुरय उन्हाळ्यात वाळूच्या बेटांवर घालतात. पावसाळ्यात कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो, पाणकोंबड्या पाणकणसात, टिबुकली पाण्यावर तरंगतं घरटं करते. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये पोकलेन लावून सगळी जलपर्णी एका दिवसात ओढून काढली तर तिच्यासोबत काय काय निघालं ते कुणी मोजत नाही.

घाट, रस्त्याची बाजू, बसायची जागा इथला कचरा वर्षभर उचला. काठाच्या चिखलाचं आणि पाणवनस्पतींचं काम हिवाळा संपता संपता, फेब्रुवारीच्या शेवटाला ते मार्चच्या सुरुवातीला, हाताने, एकेक पट्टा सोडत करा, आणि उतरायच्या आधी दोघांनी चालत जाऊन टिटवीची हालचाल बघा. पाणकणीस सगळं कापू नका. तणनाशक पाण्यात अजिबात नाही. आणि एक कायम लक्षात ठेवा, जलपर्णी येते ती सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर, पाइप चालू असेपर्यंत ती परत परत येणार, म्हणून जलपर्णीच्या फोटोसोबत त्या पाइपचा फोटोही ग्रामपंचायतीच्या टेबलावर गेला पाहिजे.

सावधान : मेलेले पक्षी एकाहून जास्त दिसले तर हात लावू नका, पोरांना लांब ठेवा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि वनखात्याला कळवा. वनखात्याची हेल्पलाइन १९२६. बर्ड फ्लू असू शकतो, विषबाधा असू शकते, ते ठरवणं आपलं काम नाही.

टप्पा ९ : तक्रार करायची वेळ आली तर

भराव टाकला, राडारोड्याचे डंपर आले, रात्री टँकर रिकामा केला, असं काही दिसलं की थेट फेसबुक लाइव्ह करू नका. आधी पुरावा: तारीख-वेळ दिसेल असा फोटो, आजूबाजूची ओळखीची खूण त्यात हवी, गट नंबर, शक्य असेल तर आधीचा त्याच जागेचा फोटो (टप्पा १ चे फोटो इथे सोन्याचे ठरतात). मग लेखी अर्ज तहसीलदारांना, प्रत जिल्हाधिकारी आणि ज्या खात्याची जागा आहे त्यांना, पोच घेऊन. सांडपाणी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला. मुंबई, ठाणे, रायगडकडच्या लोकांसाठी हायकोर्टाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली पाणथळ तक्रार समिती आहे, तिकडे द्या. अर्जात भावना कमी आणि मोजमाप जास्त. एकट्याच्या सहीने देऊ नका, ग्रुपच्या, ग्रामपंचायत सदस्याच्या, सोसायटीच्या सह्या घ्या, आणि डंपरवाल्यांशी रात्री एकट्याने वाद घालायला तर मुळीच जाऊ नका.

टप्पा १० : कार्यक्रमानंतरचे तीन महिने

खरं काम इथे असतं आणि इथेच लोक गळतात. कुंड भरलं आणि कुणी रिकामं केलं नाही तर दोन आठवड्यांत लोक परत पाण्यात टाकायला लागतात, आणि यावेळी त्यांच्याकडे कारणही असतं. म्हणून कुंड कोण, कुठल्या वारी रिकामं करणार, निर्माल्याचं खत कुठे होणार, हे कार्यक्रमाच्या आधी ठरवून नाव लिहून ठेवा. दर महिन्याला एक ठरलेला रविवार, चारच जण का असेनात, त्याच ठिकाणी उभं राहून त्याच वेळी मोजणी. शाळेतल्या मुलांना चित्रकला स्पर्धेऐवजी ही मोजणी द्या, आठवीतली मुलं महिन्याभरात बदकं ओळखायला लागतात आणि मग घरी जाऊन ती जे बोलतात ते कुठल्याही बॅनरपेक्षा जास्त आत जातं.

पुढच्या जानेवारीत आकडे लावून बघताना एक काळजी घ्या. पक्षी कमी दिसले म्हणून लगेच मोहीम फसली असं नाही, वाढले म्हणून जिंकलो असंही नाही. पाऊस भरपूर झाला की तलाव तुडुंब राहतो, उथळ पट्टा पाण्याखाली जातो आणि चिखलात चरणारे पक्षी दुसरीकडे पांगतात. दुष्काळी वर्षात उलट, उरलेल्या थोड्या पाण्यावर सगळे गोळा होतात आणि आकडा फुगलेला दिसतो. म्हणून नोंदवहीत पक्ष्यांच्या आकड्याशेजारी पाणी घाटाच्या कितव्या पायरीपर्यंत आहे तेही लिहा, त्या महिन्यात किती निर्माल्य किंवा किती जाळी जमा झाली तेही लिहा, आणि ती वही कुणाच्या घरी न ठेवता ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या कपाटात ठेवा.